ठेव मोडू नका

नोव्हेंबर महिना आणि बँकेचा पेन्शनचा काउंटर यांचे नाते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वेगळे काही सांगायला नको. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाखा होती. नोव्हेंबर उजाडला, की सकाळी दहाच्या आधीच पायऱ्यांवर लाल, पांढरे, भगवे पटके आणि नऊवारी लुगडी दिसू लागत. हयातीचा दाखला द्यायचा असे. आपण जिवंत आहोत हे माणसाने स्वतः येऊन साहेबाला दाखवायचे, साहेबाने त्याच्याकडे बघायचे आणि सही ठोकायची. निवृत्त सुभेदार, हवालदार आणि नाईक मंडळींचा हा एक मेळावाच असे. कोण कुठल्या पलटणीत होता, कोणाचा मुलगा भरती झाला, कोणाची गुडघेदुखी कुठवर आली, याच्या गप्पांत टोकनचा नंबर निघून जाई.

पण त्या रांगेच्या एका कडेला, भिंतीला टेकून, बायका बसलेल्या असत. त्यांचे कागद वेगळे. अलाहाबादच्या संरक्षण लेखा कार्यालयातून आलेल्या त्यांच्या पेन्शनच्या हुकमात वर नवऱ्याचे नाव, खाली त्यांचे. हयातीच्या दाखल्याबरोबर त्यांना आणखी एक निवेदन द्यावे लागे: मी पुनर्विवाह केलेला नाही. सत्तरीच्या म्हाताऱ्याही हे लिहून देत, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलीही. अंगठा किंवा सही घेऊन तो कागद मी फायलीत लावत असे. अशी निवेदने मी किती घेतली असतील याचा हिशेब ठेवलेला नाही. मनात एक टोचणी मात्र राहिली आहे. त्या वेळी ती टोचलीही नव्हती. आज, नोकरी संपून काही वर्षे झाल्यावर आणि कादंबऱ्यांतून उगाचच दुसऱ्यांची दुःखे लिहून झाल्यावर, ती टोचते.

साल १९९८. बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी सासऱ्यांबरोबर आली होती. मुलगी हेच म्हणतो, कारण दोन पोरांची आई असली तरी ती मुलगीच होती. नवरा शिपाई, वर्षभरापूर्वी सीमेवर गेलेला. विम्याचे दोन लाख रुपये आले होते, त्यांची मुदत ठेव मीच करून दिली होती. सासरे बाहेर एस.टी.ची चौकशी करायला गेले, तशी ती खुर्चीच्या टोकावर सरकली आणि म्हणाली, ‘साहेब, यातलं चाळीस हजार काढता येतील का? आमच्या घरात कुणाला कळायच्या आत?’

मी विचारले, कशाला?

‘डी.एड.ला जायचंय. बारावी झालीय माझी. मार्कंबी बरी हायती.’

आता मी काय केले ते सांगतो. मी समोरचे कॅल्क्युलेटर ओढले. त्या वेळी ठेवीला अकरा टक्के व्याज होते. दोन लाखांवर वर्षाला बावीस हजार. चाळीस हजार काढले तर उरलेल्या एक लाख साठ हजारांवर सतरा हजार सहाशे. म्हणजे वर्षाला चार हजार चारशेचा, महिन्याला तीनशे सहासष्ट रुपयांचा तोटा, शिवाय मुदतीआधी मोडल्याचा दंड निराळा. मी तो आकडा तिला कागदावर लिहून दाखवला. म्हणालो, ‘ताई, पोरं लहान आहेत. हा पैसा म्हणजे त्यांचा बाप आहे असं समजा. ठेव मोडू नका.’

मोठे वाक्य होते. लेखकाला शोभेलसे. तिने मान हलवली. सासरे परत आले, तिने पदर सावरला आणि दोघे एस.टी.ला गेले.

मी वाईट माणूस नव्हतो. उलट शाखेतला सगळ्यांत मऊ साहेब अशी माझी ख्याती होती. मी तिच्या भल्याचेच बोललो होतो, आणि बँकेच्या हिशेबाने बरोबरही बोललो होतो. चूक हिशेबाच्या बाहेर होती. पुढच्या पाच-सहा वर्षांत ठेवीचे व्याज घसरत घसरत सहा टक्क्यांच्या आसपास आले. दोन लाखांचे बावीस हजारांऐवजी बारा हजार. मी महिन्याचे तीनशे सहासष्ट वाचवायला निघालो होतो आणि सरकारच्या एका धोरणाने तिचे महिन्याला आठशेहून जास्त नेले. त्याच सुमारास, २००० साली, महाराष्ट्रात शिक्षणसेवकांची योजना आली. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला महिना तीन हजार मानधन होते. डी.एड. झालेल्या प्रत्येकीला नोकरी मिळालीच असती असे मी म्हणत नाही. त्या काळात डी.एड.चे कारखाने निघाले आणि पुढे हजारो पोरे घरी बसली, हे मला ठाऊक आहे. पण तीनशे सहासष्ट आणि तीन हजार हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडण्याची बुद्धी मला तेव्हा झाली नाही. शिक्षणाचे कर्ज नावाची गोष्टही तिच्यासारखीला तेव्हा नव्हती. बँकांच्या संघटनेने आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आखली ती २००१ मध्ये, आणि तीही वडिलांच्या सहीने शिकणाऱ्या मुलांचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून.

हे सगळे आज आठवायला कारण झाले माझ्या भाचीचे. ती अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. त्या भागात नौदलाची नि लष्कराची ठाणी पुष्कळ. परवा फोनवर सहज म्हणाली, ‘मामा, माझ्या वर्गात चाळिशीची एक बाई आहे. नवरा इराकमध्ये गेला. ती आता अकाउंटंट व्हायला शिकतेय आणि फी सरकार भरतंय. मुलाची नव्हे, तिची स्वतःची.’ भाचीला यात विशेष काही वाटले नव्हते. ती त्या बाईला बीजगणित किती जड जाते हे सांगत होती. मी मात्र ‘तिची स्वतःची’ या शब्दांपाशीच अडकलो आणि मग निवृत्त माणसाला वेळ असतोच, चार कागद मिळवून वाचत बसलो.

अमेरिकेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तिथेही हे एका दिवसात झालेले नाही. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेला एक कायदा आहे. लोक त्याला जी. आय. बिल म्हणतात. परत येणाऱ्या सैनिकाला कॉलेजची फी, पुस्तके, शिकत असताना पोटापुरता भत्ता. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून कसले ना कसले शिक्षण घेतले. शेतमजुरांची, खाणकामगारांची पोरे इंजिनिअर झाली. काळ्या सैनिकांच्या वाट्याला मात्र त्यातले फार थोडे आले. दक्षिणेतल्या कॉलेजांची दारे त्यांना बंद होती, हेही त्याच इतिहासात आहे. तर हा कायदा परत आलेल्यांचा. जो परत आला नाही, त्याच्या मागे राहिलेल्यांचे काय? १९५६ मध्ये मुलांची आठवण झाली आणि युद्धात बाप गेलेल्या मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. बायकोची आठवण व्हायला आणखी बारा वर्षे लागली. १९६८ मध्ये, व्हिएतनामहून शवपेट्या येत असताना, तीच मदत विधवांना लागू झाली. कायमच्या अपंग झालेल्या सैनिकांच्या पत्नींनाही.

पुढे इराकमध्ये २००६ साली जॉन डेव्हिड फ्राय नावाचा मरीन दलातला एक सार्जंट सुरुंग निकामी करताना मारला गेला. वय अठ्ठावीस, मागे तीन लहान मुले. त्याच्या नावाने २००९ मध्ये शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि पुन्हा तीच गंमत: आधी फक्त मुलांना. पत्नीला तिच्यात जागा मिळाली ती २०१४ च्या कायद्याने. छत्तीस महिन्यांपर्यंत सरकारी विद्यापीठाची पूर्ण फी, राहण्याचा भत्ता आणि पुस्तकांचे पैसे. एक अट मात्र ठेवली होती: पुनर्विवाह केला, की मदत थांबणार. ते वाचून मला आमच्या शाखेतली ती निवेदनांची फाईल आठवली. समुद्र ओलांडला तरी सरकार नावाचा सासरा तोच.

पण मुद्दा वेगळा आहे. त्या कायद्याने एक साधी गोष्ट मानली, की गेलेल्या सैनिकाची बायको हीसुद्धा अर्धवट शिकलेली, पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगायची असलेली एक व्यक्ती आहे. ती केवळ मुलांचा सांभाळ करणारी नाही, पुतळ्याला हार घालणारी नाही.

आपल्याकडे काय आहे? काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७१ चे युद्ध जिंकल्यावर १९७२ मध्ये केंद्र सरकारने युद्धात मारल्या गेलेल्या, बेपत्ता झालेल्या वा कायमचे अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांचे शिक्षण आपल्यावर घेतले. फी, वसतिगृह, पुस्तके, गणवेश, सगळे. उत्तम योजना. जुलै २०१७ मध्ये कोणा हिशेबनिसाच्या मनात आले आणि तिच्यावर महिना दहा हजारांची मर्यादा घातली गेली. देशभर ओरड झाली आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा उठवावी लागली. ओरड झाली हे चांगलेच झाले. मुलांसाठी ओरडणारे आहेत.

विधवेचे नाव येते ते पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत. ही योजना २००६-०७ पासून सुरू आहे. माजी सैनिकांची मुले आणि विधवा, दोघांनाही खुली. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, बी.एड., व्यवस्थापन असल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. २०१९ मध्ये रक्कम वाढून मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये झाली. वर्षाला साडेपाच हजार शिष्यवृत्त्या. पण बारावी, पदविका किंवा पदवीला साठ टक्के गुण हवेत. अठराव्या वर्षी लग्न होऊन चुलीपाशी गेलेल्या मुलीने बाराव्या वर्षीच्या शाळेपासून हे साठ टक्के कोणत्या भविष्यासाठी जपून ठेवायचे होते?

दुसरी मदत आहे संरक्षणमंत्र्यांच्या निधीतून, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी. महिना एक हजार होती, १ नोव्हेंबर २०२५ पासून ती दोन हजार झाली. रक्कम दुप्पट केली याबद्दल कोणीही समाधानच मानेल. पण नियम नीट वाचावा. ही मदत दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत मिळते. आणि विधवेला? विधवेला दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी. म्हणजे शिपायाची, नायकाची, हवालदाराची बायको आधी स्वतःच्या खर्चाने बी.ए. झाली, की मग एम.ए.ला सरकार दोन हजार देणार. ज्या घरांसाठी हा निधी आहे त्या घरांतल्या किती सुना लग्नाच्या वेळी पदवीधर असतात हे, तालुक्याच्या गावी पेन्शनच्या काउंटरवर बसलेल्या कोणालाही विचारावे. विहिरीचे पाणी वर काढायला दोर दिला आहे, पण तो बांधला आहे काठापासून पंधरा पायऱ्या वर.

मला वाटते, हा नियम लिहिणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. माझ्याही नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर मुले शिकणारी होती आणि बाई शिकलेली. शिकलेली नसेल तर शिलाई मशीन. व्यवसाय-प्रशिक्षणाचे अनुदान असतेच, आणि शिलाई मशीनला मी नावे ठेवत नाही. माझ्या आईने त्याच्यावर घर चालवले. पण प्रत्येक विधवेच्या हाती आपण सुई-दोराच का देतो, हा प्रश्न विचारायला हवा.

याची दुसरी बाजूही आहे, उजळ बाजू. सातारा तालुक्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याला धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सैन्यात जायचे ठरवले, वयाची अट त्यांच्यासाठी शिथिल झाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईच्या प्रशिक्षण केंद्रातून त्या लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझला गेले, त्यांच्या पत्नी कनिका राणे नोव्हेंबर २०२० मध्ये अधिकारी झाल्या. वर्तमानपत्रांत त्यांचे गणवेशातले फोटो आले तेव्हा आपण सगळेच गहिवरलो. गहिवरावे असेच ते होते. पण त्या शिडीची पहिली पायरी पदवी ही आहे. दोघीही अधिकाऱ्यांच्या पत्नी, दोघी पदवीधर. त्यांनी जे केले ते त्यांच्या हिमतीवर. मी विचारतो आहे ते शिडीच्याही खाली, जमिनीवर उभी असलेल्या बाईबद्दल. नववी झालेल्या, दहावी नापास झालेल्या, गणित राहिले म्हणून शाळा सुटलेल्या बाईबद्दल. सैन्यात शिपाई जास्त असतात आणि अधिकारी कमी, म्हणून विधवाही शिपायांच्याच जास्त असतात. आणि सगळेच काही लढाईत जात नाहीत. अपघाताने जातात, आजाराने जातात. शिपाई तर पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर घरी येतो आणि दोन वर्षांत ट्रॅक्टरखाली जातो. त्याच्या बायकोसाठी तर फोटोही छापून येत नाही.

साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगे या गावाचे नाव पुष्कळांना ठाऊक असेल. घरटी माणूस सैन्यात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण कामी आले. इंग्रज सरकारने त्यांच्या स्मरणाची शिळा गावाला दिली. मी ती शिळा पाहिली आहे. पाहताना मनात आले, की यांच्या बायका पुढे काय जगल्या असतील याची कुठे दोन ओळींची नोंद असेल का? त्याच सुमारास, १९१७ मध्ये, युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना धंदाशिक्षण देण्यासाठी क्वीन मेरी संस्था निघाली. ती पुढे खडकीला आली आणि आजही आहे. अपंग सैनिकाला शिकवले पाहिजे हे गोऱ्या साहेबालाही तेव्हा सुचले होते.

आणि विधवेला शिकवले पाहिजे हे सुचायला आपल्याला तर अमेरिकेची गरजच नव्हती. ही कल्पना मूळची इथलीच. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढले, त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि हिंगण्याच्या माळावर विधवांची शाळा भरवली. बायांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या या बाई पंचविशी उलटल्यावर अक्षरे गिरवायला बसल्या. त्याच पार्वतीबाई १९१८ मध्ये आश्रमाच्या कामासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामे करत राहिल्या. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बायकांना परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून ससून रुग्णालयात पाठवले तेव्हा पुण्यात काय गहजब झाला होता! या माणसांनी विधवेला तुझी टक्केवारी किती असे विचारले नाही. तुला कुठून सुरुवात करायची आहे एवढेच विचारले. कोणी बाराखडीपासून, कोणी पाचवीपासून. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राला जे समजले होते ते आज सरकारी नियमावलीत दिसू नये, याला काय म्हणावे?

मला विचाराल तर मोठी योजना नको. जिथे तिचे शिक्षण थांबले तिथून मदत सुरू व्हावी, इतकेच. ती आठवीत थांबली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसण्यापासून. त्या फॉर्मचे पैसे फारसे नसतात, पण तो भरून दे म्हणणारे कोणी नसते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला निघाले तेव्हा शाळा सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता. तो करून किती गृहिणी, किती पोलीस शिपाई बी.ए. झाले! माझ्याच शाखेतला एक शिपाई त्या वाटेने पदवीधर झाला आणि क्लार्क होऊन माझ्या शेजारी बसला. तसला एक दरवाजा या बायकांसाठी कायमचा उघडा ठेवायला किती खर्च येणार? दुसरे, मूल घेऊन राहता येईल अशी खोली. जिल्ह्याच्या गावी सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे आहेत, त्यांच्या शेजारी चार खोल्या आयांसाठी. कारण बाईचे शिक्षण फीपायी अडत नाही, तान्ह्या पोरापायी अडते आणि सासूच्या एका वाक्यापायी अडते.

आणि तिसरी गोष्ट विचारण्याची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ती पहिल्यांदा येते तेव्हा तिच्याबरोबर सासरा किंवा दीर असतो. सगळे कागद पुरे केले जातात. त्या गर्दीत, सासऱ्याला चहाला पाठवून का होईना, कोणीतरी तिला बाजूला घेऊन विचारायला हवे, ‘तुमचं स्वतःचं शिक्षण किती? पुढं शिकायचंय का?’ पहिल्या वर्षी ती नाहीच म्हणेल. दुःखाच्या त्या दिवसांत कोणाला शिकायचे सुचते? म्हणून दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारायचे, आणि तिसऱ्या. हयातीचा दाखला दरवर्षी मागताच ना?

यावर एक आक्षेप मी ऐकून आहे. एका निवृत्त स्नेह्यांनी तो बोलून दाखवला. ते म्हणाले, ‘अहो, शौर्याच्या मरणानंतर तिला शेवटच्या पगाराइतकी पेन्शन मिळते. राज्य सरकार पैसे देते. कारगिलनंतर कोणाकोणाला पेट्रोल पंप मिळाले. आता आणखी फी कशाला?’ पैसे मिळतात, खरे आहे. पण त्या पैशांवर पहिल्याच महिन्यात किती हात पडतात हे मी काउंटरच्या आतून पाहिले आहे. दिराचे लग्न, सासऱ्याचे देणे, घराचा स्लॅब. शिक्षणाची मदत ही अशी एकच रक्कम आहे, की जी दुसऱ्या कोणाला उचलता येत नाही. तिच्या नावाची फी तिच्याच नावावर भरली जाते. आणि घराला तिला धरून ठेवण्याची जी ओढ असते तिच्यात माया असते तसा पेन्शनचा हिशेबही असतो. सरकारनेही ही गाठ घट्टच केली होती. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेने पुनर्विवाह केला की बंद होई, आणि चालू राहायचा तर लग्न मेलेल्या नवऱ्याच्या भावाशीच करायचे! हा नियम नोव्हेंबर २०१७ मध्ये रद्द झाला. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत नाही, २०१७ ची सांगतो आहे. ज्या बाईच्या हाती स्वतःची पदवी आणि नोकरी आहे ती त्या घरात राहिली तर आपल्या मनाने राहते.

आता तो पेन्शनचा काउंटरही बदलला. हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून देता येतो. सैन्याची पेन्शन ‘स्पर्श’ नावाच्या संगणक व्यवस्थेतून थेट खात्यात जाते. सोयीचे झाले, म्हाताऱ्यांची पायपीट वाचली. पण भिंतीला टेकून बसणाऱ्या त्या बायका आता कोणाच्याच नजरेला पडत नाहीत. माझ्यासारखा चुकीचा सल्ला देणाराही समोर उरला नाही.

गेल्या वैशाखात त्या तालुक्याच्या गावी एका लग्नाला गेलो होतो. पंगतीतून उठताना एका बाईंनी हाक मारली, ‘साहेब, वळखलं का?’ पन्नाशीच्या, केस पांढरे, हाताला चार-पाच वर्षांची नात. मी ओळखले नव्हते. त्यांनीच सांगितले तेव्हा डोळ्यांसमोर खुर्चीच्या टोकावर सरकलेली ती मुलगी आली. सासरे वारले. मुलगा भरती झाला, बापाच्याच पलटणीत. मुलगी बी.एड. होऊन खासगी शाळेत आहे. ‘तिला मात्र मी शिकवली बगा, कुणाचं ऐकलं न्हाई.’ मी धीर करून विचारले, ‘आणि तुमचं ते डी.एड.?’

त्या हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच मला जड गेले.

‘ऱ्हायलं की हो. तुमी सांगितलं तसं केलं. ती पावती अजून हाय माज्याकडं, साहेब. दर बारीला नवी करून घेती.’

मी सवयीने विचारून गेलो, ‘आता व्याज किती मिळतं?’

त्यांनी आकडा सांगितला. नातीला आइस्क्रीम हवे होते, ती पदर ओढत होती.